नोंदीचे नाव आणि नावांच्या वाटा : मराठी विकिपीडियातील बौद्ध विषयांच्या शीर्षकांचे परीक्षण

ज्ञानकोशातील एखादी नोंद कितीही परिश्रमपूर्वक लिहिलेली असली, तरी ती ज्या नावाखाली ठेवली आहे ते नाव वाचकाला सुचले नाही तर त्याच्यापुरती ती नोंद नसल्यासारखीच होय. छापील कोशात ही अडचण काही अंशी कमी होते, कारण वाचक पाने उलटीत आसपासच्या नोंदींवरून इष्ट स्थळी पोहोचू शकतो. संगणकावरील आणि आता भ्रमणध्वनीवरील कोशाची गोष्ट निराळी आहे. तेथे वाचक एक शब्द लिहितो आणि त्या शब्दाच्या अक्षरांशी जुळणारे पान त्याच्यासमोर येते. म्हणून तेथे शीर्षक हेच त्या नोंदीचे ठिकाण ठरते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यात कोणीही नोंद लिहावी, दुसऱ्याने ती दुरुस्त करावी, तिसऱ्याने तिचे नाव बदलावे, अशी त्याची रचना आहे. बौद्ध विषयांवरील नोंदी तेथे पुष्कळ झाल्या असून त्या लिहिणाऱ्यांत विहारांतून आणि महाविद्यालयांतून आलेले तरुण आहेत, ही समाधानाची बाब होय. तथापि या नोंदींची शीर्षके कोणत्या तत्त्वावर ठरावीत, याचा सलग विचार आमच्या अभ्यासवर्तुळात झालेला नाही. जो तो आपल्या सवयीचे रूप योजतो, आणि मतभेद झाला की तो विषयाऐवजी व्यक्तींवर जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे परीक्षण करण्याचे योजिले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे, की शीर्षक म्हणजे विषयाला द्यावयाचा मान नव्हे. ते वाचकासाठी ठेवलेले ठिकाण आहे. ते एकच असावे, जाहीर नियमाने ठरावे, आणि त्या विषयाची उरलेली सर्व नावे वाटांच्या रूपाने जिवंत ठेवावीत.

१. एका संपादकाचा कोश आणि अनेकांचा कोश

मराठीला कोशरचनेची परंपरा मोठी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड काढले. त्याच्या प्रस्तावनाखंडांपैकी दोन खंडांना त्यांनी ‘बुद्धपूर्व जग’ आणि ‘बुद्धोत्तर जग’ अशी नावे दिली. जगाच्या इतिहासाची विभागणी कोठे करावी, याविषयीचा एक निर्णयच त्या नावांत आहे. तो योग्य की अयोग्य याविषयी वाद होऊ शकेल. परंतु तो एका संपादकाचा होता आणि त्याची जबाबदारीही एकाचीच होती.

वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाने याहून पद्धतशीर मार्ग धरला. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पण परिभाषासंग्रहाचा खंड त्याच्याही आधी, १९७३ साली बाहेर पडला होता. नोंदी कोणत्या शब्दांत लिहावयाच्या हे आधी ठरवावे आणि मग लिहावयास बसावे, हा शहाणपणा त्या क्रमात दिसतो. पुढे विसावा खंड २०१५ साली पूर्ण होईपर्यंत संपादक बदलले, लेखकांच्या पिढ्या बदलल्या, तरी कोशाची शिस्त टिकली. तिचे श्रेय बहुतांशी या पूर्वतयारीला आहे.

विकिपीडियात असा पूर्वतयारीचा काळ नसतो. तेथे लेखन आणि संपादन एकाच वेळी चालते, आणि शेवटचा शब्द कोणा एकाचा नसतो. अशा ठिकाणी नियम अधिक आवश्यक ठरतात, कारण संपादकाच्या स्मरणशक्तीचे काम तेथे नियमालाच करावे लागते. इंग्रजी विकिपीडियाने शीर्षकासाठी पाच कसोट्या सांगितल्या आहेत : विषय जाणणाऱ्याला ते ओळखू यावे, ते सहज सुचणारे असावे, नेमके असावे, आटोपशीर असावे आणि तत्सम इतर शीर्षकांशी सुसंगत असावे. या कसोट्या उत्तम आहेत. परंतु त्या नेहमी एका दिशेने ओढत नाहीत. जे सहज सुचते ते नेमके असतेच असे नाही, आणि जे नेमके असते ते आटोपशीर राहत नाही. तेथेही बुद्धांवरील नोंद दीर्घकाळ ‘गौतम बुद्ध’ या शीर्षकाखाली होती, आणि बऱ्याच चर्चेनंतर ती ‘द बुद्ध’ या नावाखाली गेली. इतक्या परिचित विषयाबाबत ही स्थिती, तर अपरिचित पाली नावांविषयी काय सांगावे?

२. पाली परंपरेतील नामव्यवस्था

अनेकांनी मिळून जपलेल्या वाङ्मयाला नावांची शिस्त लागते, हे पाली परंपरेला नवे नाही. तिपिटक लेखनिविष्ट होण्यापूर्वी दीघभाणक, मज्झिमभाणक अशा भिक्खूंच्या गटांनी ते मुखोद्गत राखले. सामूहिक पठणात सुत्ताचे नाव सर्वांना एकच ठाऊक नसेल तर पठण सुरूच होऊ शकत नाही. वर्गाच्या अखेरीस येणारी उद्दाने, म्हणजे सुत्तांची नावे ओवलेली स्मरणपद्ये, ही त्या काळची अनुक्रमणिकाच होय.

या व्यवस्थेत एका विषयाला अनेक नावे असण्याची सोय होती. दीघनिकायातील पहिल्याच सुत्ताच्या अखेरीस आनंद थेर या उपदेशाचे नाव काय, असे विचारतात. आणि भगवान एक नाव न सांगता पाच सांगतात : अत्थजाल, धम्मजाल, ब्रह्मजाल, दिट्ठिजाल आणि अनुत्तर संगामविजय. परंपरेने त्यांपैकी ‘ब्रह्मजाल’ हे शीर्षक म्हणून स्वीकारले आणि उरलेली चार सुत्ताच्या देहात जपून ठेवली. मज्झिमनिकायातील बहुधातुकसुत्ताच्या अखेरीसही असाच प्रसंग आहे. तेथे बहुधातुक, चतुपरिवट्ट, धम्मादास, अमतदुंदुभि आणि पुन्हा अनुत्तर संगामविजय अशी पाच नावे येतात. म्हणजे ‘अनुत्तर संगामविजय’ हे नाव दोन सुत्तांना लागू आहे. परंपरेने दोहोंपैकी एकाचेही शीर्षक म्हणून ते वापरले नाही. पर्यायी नाव एकाहून अधिक विषयांकडे नेत असेल तर त्याचे शीर्षक करू नये, हा नियम याहून स्पष्ट उदाहरणाने सांगता येणार नाही. विकिपीडियाच्या परिभाषेत पर्यायी नावावरून मुख्य नोंदीकडे नेणाऱ्या वाटेला ‘पुनर्निर्देशन’, आणि एका नावाच्या अनेक विषयांची यादी देणाऱ्या पानाला ‘निःसंदिग्धीकरण’ म्हणतात. शब्द जड असले तरी कल्पना जुनीच आहे.

एकाच नावाच्या व्यक्तींबाबतही परंपरेने ठरीव मार्ग काढलेला दिसतो. कस्सप नावाचे अनेक थेर आहेत; त्यांना महाकस्सप, उरुवेलकस्सप, नदीकस्सप, गयाकस्सप, कुमारकस्सप असे वेगळे केले. ज्येष्ठत्व, स्थान किंवा अवस्था यांपैकी एक विशेषण नावाला जोडले, आणि ते इतके रुळले की तेच नाव झाले. मज्झिमनिकायात महासीहनाद व चूळसीहनाद, महागोसिंग व चूळगोसिंग अशा जोड्या आहेत. आधुनिक काळात जी. पी. मलालसेकर यांनी १९३७-३८ साली प्रसिद्ध केलेल्या पाली विशेषनामांच्या कोशात समान नावांना क्रमांक दिले आणि पुढे थेर, थेरी, सुत्त, जातक असे पद जोडले. पाली विषयांच्या कोणत्याही नव्या कोशाला हा ग्रंथ आजही मार्गदर्शक आहे.

जेथे शिस्त सुटली तेथे काय होते, याचेही उदाहरण परंपरेतच सापडते. सम्राट अशोकाच्या भाब्रू येथील लेखात भिक्खू-भिक्खुनींनी व उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत अशा सात धम्मपर्यायांची नावे आहेत. त्यांतील बहुतेक नावे आज आपल्यापुढे असलेल्या तिपिटकातील शीर्षकांशी जशीच्या तशी जुळत नाहीत. ‘लाघुलोवाद’ म्हणजे मज्झिमनिकायातील राहुलाला केलेला मृषावादाविषयीचा उपदेश, हे त्या लेखातच दिलेल्या वर्णनामुळे कळते. ‘मोनेयसूत’ म्हणजे सुत्तनिपातातील नालकसुत्त होय, असे मत धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ साली मांडले. काहींविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. ग्रंथ हरवले म्हणून हा वाद झाला असे मानण्याचे कारण नाही. त्यांची नावे बदलली आणि जुन्या नावावरून नव्याकडे जाणारी वाट कोणी राखली नाही, एवढेच पुरेसे होते. तीन शब्दांची नोंद ठेवली असती तर शंभर वर्षांचे श्रम वाचले असते.

छापील आवृत्त्यांतही हा दोष आहे. मज्झिमनिकायातील दहावे सुत्त पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीत ‘सतिपट्ठान’, तर छट्ठ संगायनाच्या आवृत्तीत ‘महासतिपट्ठान’ या नावाने येते. आणि दीघनिकायातील बाविसाव्या सुत्ताचे नाव तर ‘महासतिपट्ठान’ आहेच. कोणती आवृत्ती प्रमाण मानावयाची हे आधी न ठरविता दोघांनी दोन नोंदी लिहिल्या, तर वाचकाला एकाच नावाची दोन सुत्ते किंवा दोन नावांचे एकच सुत्त दिसेल.

३. मोहोपाडा, कर्जत आणि पाली

हा प्रश्न केवळ प्राचीन ग्रंथांचा आहे असे वाटू नये, यास्तव आमच्याच परिसराचे उदाहरण घेऊ. खालापूर तालुक्यातील मोहोपाड्याला बाजाराला येणारा मनुष्य मोहोपाड्यालाच जातो. जनगणनेच्या नोंदीत या नगराचे नाव ‘वासांबे’ आहे. पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रेल्वेने येणारा मात्र ‘रसायनी’ स्थानकावर उतरतो. हे तिसरे नाव येथील रासायनिक कारखानदारीमुळे रूढ झाले. ज्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीमुळे ते दूरवर पोहोचले, तिचा येथील बहुतेक कारखाना बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१७ साली मान्यता दिली, नाव राहिले. आता या गावाची नोंद कोणत्या नावाखाली लिहावी? सरकारी दप्तर प्रमाण मानले तर वासांबे, प्रवासी प्रमाण मानला तर रसायनी, आणि रहिवासी प्रमाण मानला तर मोहोपाडा. ‘मोहोपाडा-वासांबे-रसायनी’ असे जोडशीर्षक करावे, अशी तडजोड कोणी सुचवील. आम्हांस ती मान्य नाही. असे शीर्षक कोणाच्याही बोलण्यात नाही, कोणीही ते शोधणार नाही. ‘मोहोपाडा’ हे शीर्षक ठेवावे. पहिल्याच वाक्यात उरलेली दोन नावे आणि ती कोठून आली ते सांगावे. आणि त्या दोन्ही नावांवरून या नोंदीकडे वाट ठेवावी. रसायनी स्थानकाची नोंद स्वतंत्र होण्याजोगी असेल तर ती ‘रसायनी रेल्वे स्थानक’ अशी व्हावी.

शेजारच्या कर्जतची अडचण उलट प्रकारची आहे. येथे एका नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत : एक आमचे रायगडातील, दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील. यांना कंसातील जिल्ह्याच्या नावाने वेगळे करणे हाच सोपा उपाय. पण तो उपायही काळाच्या स्वाधीन असतो. १९८१ पूर्वी हा कंस ‘कुलाबा’ असा असता, आणि दुसऱ्या कर्जतचा कंस २०२४ पर्यंत ‘अहमदनगर’ असा होता. शिवाय ‘रायगड’ हे नावही किल्ल्याचे आणि जिल्ह्याचे असे दुहेरी आहे. म्हणून कंसात नुसते ‘रायगड’ न लिहिता ‘रायगड जिल्हा’ लिहावे, आणि जिल्ह्याचे नाव बदलले तर तो बदल एका ठिकाणी न करता त्या कंसाच्या सर्व नोंदींत एकाच वेळी करावा.

सर्वांत बोधप्रद उदाहरण आमच्या विषयाच्या नावाचेच आहे. मराठीच्या लेखननियमानुसार अखेरचा इकार दीर्घ लिहावयाचा, म्हणून भाषेचे नाव ‘पाली’. रायगडवासीयाला मात्र ‘पाली’ म्हटले की सुधागड तालुक्यातील बल्लाळेश्वराचे गाव आठवते; राजस्थानी मनुष्याला त्याचा जिल्हा; आणि घरातील लहान मुलाला भिंतीवरील पाल व तिचे अनेकवचन. भाषेसाठी ‘पाली भाषा’, गावासाठी ‘पाली (सुधागड)’ अशी योजना केली, आणि नुसत्या ‘पाली’वर या सर्वांची यादी ठेवली, तर कोणाचाही अवमान न होता सर्वांची सोय होते. भाषेचा मान मोठा म्हणून ‘पाली’ हे शीर्षक तिलाच मिळावे, असा आग्रह आमच्यापैकी काही जण धरतील. पण सुधागडच्या माणसाने आपल्या गावाचे नाव लिहून भाषेच्या पानावर का उतरावे, याचे उत्तर त्या आग्रहाजवळ नाही.

४. लेण्यांची नावे

लेण्यांच्या नावांत सोयीचा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण येथे नाव इतिहासाविषयी काही विधान करीत असते. नाशिकच्या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात. त्या लेण्यांतील शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे आहे. दाते म्हणून क्षहरात नहपानाचा जामात उषवदात आणि सातवाहन राजमाता गौतमी बलश्री ही नावे कोरलेली आहेत. पांडवांचा तेथे संबंध नाही. सर्वाधिक परिचित नाव तेच शीर्षक, हा नियम डोळे मिटून लावला तर लोकांच्या कल्पनेला कोशाची मोहोर मिळते. उलट ‘त्रिरश्मी’ हे शीर्षक केले तर ऐतिहासिक न्याय होतो, पण पुष्कळ वाचकांना ते ओळखू येत नाही.

येथे सुसंगतीची कसोटी मदतीला येते. कार्ले, भाजे, कुडे, ठाणाळे, अशी बहुतेक लेणी आपण गावाच्या नावाने ओळखतो. गावाचे नाव आणि पुढे ‘लेणी’, ही पद्धत सर्वत्र पाळली तर ‘नाशिक लेणी’ हे शीर्षक आपोआप येते. ते स्थान सांगते, कर्त्याविषयी कोणतेही विधान करीत नाही. ‘पांडवलेणी’ आणि ‘त्रिरश्मी लेणी’ ही दोन्ही नावे तिकडे नेणाऱ्या वाटा म्हणून राहतील, आणि नोंदीत पहिल्याच परिच्छेदात लोकनाम व शिलालेखातील नाव यांचा उलगडा होईल. याच न्यायाने कार्ल्याचे शिलालेखीय नाव ‘वलूरक’ आणि कान्हेरीचे ‘कण्हगिरि’ यांनाही वाटा हव्यात.

आमच्या कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे प्राचीन चैत्यगृह आहे. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथील लेखात कोरलेले आहे. या कोंडाण्याचा घोटाळा एकीकडे सिंहगडाच्या जुन्या ‘कोंढाणा’ या नावाशी, तर दुसरीकडे मुंबईत अंधेरीजवळील ‘कोंडिवटे’ लेण्यांशी होतो. महाडजवळील लेणी ‘गांधारपाले’, ‘पाले’ आणि ‘महाड लेणी’ अशा तीन नावांनी पुस्तकांत येतात. ठाणाळ्याची लेणी ‘नाडसूर’ या नावानेही येतात. जुन्या पुस्तकातील नाव घेऊन येणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो. त्याला वाट दाखविणे हे संशोधनाइतकेच उपयुक्त काम आहे.

स्थळ एकच असून काळ निराळे असतील तर काय करावे? बाहिय दारुचीरिय हा उदानातील प्रसिद्ध पुरुष ‘सुप्पारक’चा. संस्कृतात ते शूर्पारक, मराठीत सोपारे, आणि रेल्वेमुळे नालासोपारा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. प्राचीन बंदर आणि आजचे शहर या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. बंदराच्या नोंदीला ‘सोपारे’ हे मराठी नाव द्यावे. ‘सुप्पारक’ व ‘शूर्पारक’ ही दोन्ही नावे तिकडे न्यावीत.

५. धर्म की धम्म?

आता ज्या प्रश्नावर वाचकांची मते तीव्र आहेत तेथे येऊ. मराठी विकिपीडियाने ‘गौतम बुद्ध’, ‘बौद्ध धर्म’, ‘बाबासाहेब आंबेडकर’ ही शीर्षके स्वीकारली आहेत. यांपैकी ‘बौद्ध धर्म’ हे बदलून ‘बौद्ध धम्म’ करावे, एवढेच नव्हे तर सर्व बौद्ध संज्ञा पालीतच असाव्यात, असे मत आमच्या वर्तुळात वारंवार व्यक्त होते. या मताच्या मागे जी वेदना आहे तिचा अनादर कोणी करू नये. ज्या समाजाला शतकानुशतके इतरांनी ठरविलेल्या नावांनी जगावे लागले, त्याला स्वतःचे नाव स्वतः घेण्याचा हक्क मोठा वाटतो. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केल्यापासून १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत लोकांनी काय सोसले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नाव ही गौण गोष्ट आहे, असे या लोकांना कोणी सांगू नये.

तरीही आमचे मत असे, की धम्म आणि धर्म हा भेद शीर्षकाच्या एका फेरफाराने साधणारा नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी धर्म व धम्म यांत जे अंतर दाखविले, तो एक सिद्धान्त आहे. ‘धर्म’ हा शब्द सर्वत्र पुसून ‘धम्म’ लिहिला, तर तो सिद्धान्त दिसेनासा होतो. कारण भेद सांगावयास दोन शब्द लागतात. म्हणून ‘धम्म’ ही स्वतंत्र नोंद असावी, तिच्यात पाली वाङ्मयातील अर्थच्छटा आणि बाबासाहेबांचे विवेचन यावे. आणि इतिहास, पंथ, देश, अनुयायी यांचा परामर्श घेणारी नोंद ‘बौद्ध धर्म’ या नावाने राहावी. ‘बौद्ध धम्म’ लिहिणारा वाचक तेथे पोहोचेलच, आणि पोहोचल्यावर या शब्दांच्या निवडीविषयीचा परिच्छेदही वाचील.

सर्वत्र पालीचा आग्रह धरणे शक्यही नाही. ‘असोक’ आणि ‘तक्कसिला’ ही शीर्षके मराठी वाचकाला परकी वाटतील. अश्वघोष, नागार्जुन, वसुबंधू यांचे वाङ्मय संस्कृत परंपरेचे. त्यांच्या नावांना पाली वेष चढविणे हे इतिहासाला धरून नाही. उलट सर्वत्र संस्कृतीकरण करणाऱ्यांनी ‘धम्मपद’ला ‘धर्मपद’ म्हणून पाहावे. मराठीत तसे कोणी म्हणत नाही. ‘विपश्यना’ हे संस्कृत रूप इगतपुरीच्या परंपरेमुळे पाली साधनेचेच रूढ नाव झाले आहे, तर त्याच इगतपुरीच्या केंद्राचे नाव ‘धम्मगिरी’ आहे. लोकव्यवहाराने येथे भाषांची भेसळ केली आहे आणि ती कोशाने मान्य करावी. नियम असा असावा : थेरवादी ग्रंथ, व्यक्ती आणि संज्ञा यांना, मराठीत निराळे रूप दृढ झालेले नसेल तर, पाली नाव, महायानी विषयांना संस्कृत, आणि मराठीत जे रूप दृढ झाले आहे तेथे मराठी.

रूढ नाव ही कसोटीही निरपवाद नव्हे. ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदांत आणि वृत्तपत्रांत सर्रास आढळतो. तथापि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर सत्तर वर्षे होत आली. ज्यांच्या तीन पिढ्या विहारात वाढल्या ते स्वतःला ‘नव’ म्हणवीत नाहीत. एखाद्या समाजाचे नाव ठरविताना त्याच्याविषयी इतर काय लिहितात यापेक्षा तो स्वतःस काय म्हणवितो याला अधिक वजन द्यावे. ‘नवबौद्ध’ ही शासकीय संज्ञा म्हणून तिचा इतिहास सांगणारी नोंद होऊ शकेल. समाजाच्या नोंदीचे ते शीर्षक होऊ नये.

६. उपाधी, आडनावे आणि ऱ्हस्व-दीर्घ

भगवान, तथागत, भदंत, सम्राट, डॉक्टर, भारतरत्न ही पदे आदराची आहेत. पण शीर्षकात ती आली की अकारविल्हे विस्कटतो आणि कोणाला लावावी, कोणाला नाही याचा वाद सुरू होतो. अपवाद एकच : जेथे उपाधीच नाव झाली आहे. ‘बुद्ध’ ही मुळात उपाधी, ‘बाबासाहेब’ हे आदराचे संबोधन. दोन्ही आज नावेच आहेत. म्हणून ‘बाबासाहेब आंबेडकर’ हे शीर्षक आम्हांस निर्दोष वाटते. आदर नोंदीतील माहितीच्या अचूकतेत दिसावा.

समान नावांचा गुंता ‘कोसंबी’ या एका शब्दात पाहावा. बुद्धकाळातील कौशांबी नगरीचे पाली नाव कोसंबी. मराठीत पाली विद्येचा पाया घालणारे धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६-१९४७) आणि त्यांचे पुत्र, गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६), हे दोघेही कोसंबीच. इंग्रजी आद्याक्षरे तर दोघांची एकच. आडनावापुढे आद्याक्षरे लिहिण्याची छापील ग्रंथांतील रीत येथे निरुपयोगी ठरते. ‘धर्मानंद कोसंबी’, ‘दामोदर धर्मानंद कोसंबी’ आणि ‘कौशांबी’ अशी तीन शीर्षके व ‘कोसंबी’ ही यादी, एवढ्याने प्रश्न सुटतो.

शुद्धलेखनाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो; पण यंत्राला ‘भिक्खु’ आणि ‘भिक्खू’ हे दोन निराळे शब्द आहेत. दोघा लेखकांनी दोन नोंदी आरंभिल्या की दोन्ही अर्धवट राहतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार तत्सम शब्दाचा अंत्य इकार-उकार दीर्घ आणि समासाच्या पूर्वपदात ऱ्हस्व लिहावा. तोच न्याय पाली शब्दांना लावून ‘भिक्खू’ पण ‘भिक्खुसंघ’ असे लिहावे. ग्रंथनामे मात्र पालीतील रूपात आणि जोडून असावीत : ‘दीघनिकाय’, ‘सतिपट्ठानसुत्त’. मधली मोकळी जागासुद्धा यंत्र मोजते. अनुस्वार व परसवर्ण यांत अनुस्वार निवडावा. ‘अंगुत्तरनिकाय’ हे लिहिण्यास सोपे आणि वाचण्यास परिचित आहे. काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. प्राचीन लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘कऱ्हाड’ या नावातील अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठविता येतो. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक सापडतो व दुसरा सापडत नाही. त्यात ‘कराड’ हे रूप निराळेच. अशा ठिकाणी सर्व रूपांवरून वाट ठेवणे हाच उपाय होय.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील सूचना निघतात. (१) एका विषयाला एकच शीर्षक; जोडशीर्षक नको. (२) मराठी वाचकाला ओळखू येणारे रूप प्रथम. ते नसेल तर विषयाच्या मूळ परंपरेचे रूप. (३) स्थळांसाठी रहिवाशांच्या व्यवहारातील नाव, लेण्यांसाठी गावाचे नाव. (४) समाजासाठी त्याचे स्वतःचे नाव. (५) उपाधी वगळावी. (६) भेददर्शक कंस एकाच धर्तीचा असावा. (७) सुत्तांच्या नावासाठी एक आवृत्ती प्रमाण मानावी आणि इतर आवृत्त्यांतील नावे नोंदीत द्यावीत. (८) प्रत्येक पर्यायी नावाची वाट नोंद लिहितानाच तयार करावी, नंतरवर टाकू नये.

यांतील एखादा नियम कोणास पटणार नाही, हे आम्ही जाणतो. सतिपट्ठानाच्या नावासाठी छट्ठ संगायनाची आवृत्ती धरावी की पाली टेक्स्ट सोसायटीची, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आमचा भर निवडीपेक्षा निवड जाहीर करण्यावर आहे. नियम लिहिलेला असला की मतभेद नियमाशी होतो, आणि नियम बदलून मिटविता येतो. तो लिहिलेला नसला की प्रत्येक नोंदीवर नव्याने भांडण होते आणि नवा लेखक थकून निघून जातो. अशा रीतीने गमावलेला लेखक हे कोशाचे खरे नुकसान आहे.

विहारांशी संलग्न अभ्यासवर्गांना म्हणून आमचे सुचविणे असे, की नोंदी लिहावयास बसण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून एक तक्ता करवून घ्यावा. एका स्तंभात पाली नाव, दुसऱ्यात संस्कृत, तिसऱ्यात मराठीत रूढ असलेले, चौथ्यात जुन्या ग्रंथांत आढळणारी इतर रूपे, आणि पाचव्यात ठरविलेले शीर्षक. आरंभ रायगड जिल्ह्यातील लेण्यांपासून करावा. ती संख्येने आटोपशीर आहेत, विद्यार्थ्यांना पाहता येतात, आणि त्यांच्या नावांचा घोळ मोठा आहे. कोंडाण्याचे चैत्यगृह पाहून आलेला विद्यार्थी त्या नोंदीला कोणते नाव द्यावे हे अधिक विचाराने सांगू शकेल, असा आमचा विश्वास आहे.